गेल्या वर्षीच्या नफ्यावर शेअर तोलू नका: दहा वर्षांची, महागाईचा हिशोब केलेली कमाई कशी काढायची

स्वस्त शेअर शोधायला निघालेला नवखा माणूस सहसा एकच आकडा बघतो, तो म्हणजे पी/ई. शेअरचा भाव घ्यायचा आणि त्याला गेल्या वर्षीच्या प्रति समभाग उत्पन्नाने, म्हणजे ईपीएसने भागायचं. समजा भाव ३२० आहे, ईपीएस ४० आहे, तर पी/ई झाला ८. आठ वर्षांच्या कमाईत भाव वसूल होतोय, मग घेऊन टाका!

भागाकार बरोबर आहे, गडबड आहे ती छेदात. ४० ही कमाई कंपनीच्या दहा वर्षांतल्या सर्वांत भरभराटीच्या वर्षाची असेल, तर त्या छेदाने भागून आलेला ८ हा आकडा कंपनीबद्दल फार थोडं सांगतो आणि त्या एका वर्षाबद्दलच जास्त सांगतो.

पोलाद, सिमेंट, जहाजवाहतूक, कागद, रसायनं, खनिज तेल असे धंदे चक्रात फिरतात. मालाला भाव मिळाला की नफा तिप्पट होतो. मग सगळेच नवे कारखाने टाकतात, दोन-चार वर्षांत माल उदंड होतो आणि भाव कोसळतात. अशा कंपन्यांचा पी/ई भरतीच्या शेवटी सर्वांत कमी दिसतो आणि ओहोटीत, जेव्हा शेअर खरोखर पडेल भावात मिळत असतो, तेव्हा आभाळाला टेकतो. निकोलस मोलोडोव्हस्की या अभ्यासकाने १९५३ मध्येच हा उलटा खेळ मांडून दाखवला होता. अख्ख्या बाजाराचंही असं होऊ शकतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकातल्या कंपन्यांचा एकत्रित जाहीर नफा उणे झाला. परिणामी २००९ मध्ये, भाव तळाच्या आसपास असताना, मागच्या बारा महिन्यांच्या नफ्यावर काढलेला पी/ई १०० च्या वर गेला. त्या आकड्यावर विसंबलेल्या माणसाने तेव्हा बाजार महाग म्हणून पाठ फिरवली असती. दहा वर्षांच्या सरासरी कमाईवर काढलेला आकडा मार्च २००९ मध्ये जेमतेम १३ च्या घरात होता.

ही कल्पना कुठून आली

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये रोखे विश्लेषणावर जे पुस्तक लिहिलं, त्यात निदान पाच आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी कमाई बघा असा सल्ला होता. १९२९ च्या कोसळण्यानंतरचे ते दिवस होते, एका वर्षाच्या नफ्यावर विश्वास ठेवण्याची किंमत लोकांनी नुकतीच मोजली होती. पुढे १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी या सरासरीत महागाईची दुरुस्ती घालून ती अख्ख्या अमेरिकी बाजाराला लावली. भावाला या सरासरीने भागून येणारा आकडा आज ‘शिलर पी/ई’ किंवा ‘केप’ या नावाने ओळखला जातो. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

केप मुख्यतः अख्ख्या बाजारासाठी वापरलं जातं, एकट्या कंपनीला ते लावताना जास्त सावध राहावं लागतं. बाजार बुडत नाही, कंपनी बुडू शकते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये हिशोबाइतकाच भर कंपनीचा इतिहास वाचण्यावर आहे. मला तर या पद्धतीचा खरा फायदा तोच वाटतो. शेवटचा आकडा एका मिनिटात निघतो, पण तिथे पोचताना दहा वार्षिक अहवाल उघडावे लागतात.

पायरी पहिली: दहा वर्षांचा ईपीएस गोळा करा

कंपनीच्या संकेतस्थळावर जुने वार्षिक अहवाल असतात. उपकंपन्या असतील तर ‘एकत्रित’ नफा-तोटा पत्रकातला आकडा घ्या आणि दहाही वर्षं तोच घ्या. एका वर्षी एकत्रित आणि दुसऱ्या वर्षी नुसत्या मूळ कंपनीचा, असं करू नका. ईपीएस दोन प्रकारचा छापलेला असतो, साधा आणि डायल्यूटेड. कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर घेण्याचे पर्याय, शेअरमध्ये बदलता येणारे परिवर्तनीय रोखे यांमुळे पुढे वाढू शकणारे समभाग डायल्यूटेड आकड्यात धरलेले असतात. तोच वापरा.

कंपनीचा एकूण नफा घेऊन त्याला आजच्या समभागसंख्येने भागण्याचा मोह टाळा. कंपनीने मधल्या काळात नवे शेअर काढून दुसरी कंपनी विकत घेतली असेल, तर जुना छोटा नफा आजच्या मोठ्या समभागसंख्येत वाटला जाईल आणि जुनी वर्षं होती त्यापेक्षा गरीब दिसतील.

पायरी दुसरी: बोनस आणि स्प्लिटची दुरुस्ती

नवख्यांची सर्वाधिक चूक इथे होते आणि ती मीही केलेली आहे. सहाव्या वर्षी कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे समभाग दुप्पट झाले. त्या वर्षीच्या अहवालात आदल्या वर्षाचा तुलनेसाठी दिलेला ईपीएस दुरुस्त करून छापलेला असतो, पण पहिल्या वर्षाचा अहवाल तेव्हाच छापून झालेला असतो. त्यात ईपीएस २४ दिसतो, आजच्या समभागांच्या हिशोबाने तो १२ असतो. ही दुरुस्ती राहिली तर जुनी वर्षं फुगतात, सरासरी फुगते आणि शेअर उगाच स्वस्त दिसतो.

ताडून बघायचा सोपा मार्ग असा: लागोपाठच्या दोन अहवालांत एकाच वर्षाचा ईपीएस वेगळा छापलेला दिसला, तर थांबा आणि कारण शोधा. बहुतेक वेळा बोनस, स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) किंवा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना नवे शेअर विकणं) सापडतो. कधीकधी हिशोबाची पद्धत बदललेली सापडते. तसं असेल तर त्यावरची टीप पूर्ण वाचा.

पायरी तिसरी: अपवादात्मक बाबींचं काय करायचं

कंपनीने जमीन विकली, एका वर्षी नफा उसळला. किंवा विकत घेतलेल्या धंद्याची किंमत खाली आणून मोठा तोटा दाखवला. हे आकडे सरासरीत धरायचे का?

माझं मत स्पष्ट आहे: तोटे ठेवा. व्यवस्थापन अशा तोट्याला ‘एकदाच होणारा’ म्हणतं, पण तो पैसा कधीतरी खरोखर गेलेला असतो. चार वर्षांपूर्वी महागात घेतलेली कंपनी आज खर्ची टाकली जाते एवढंच. दहा वर्षांत असे तीन ‘एकदाच होणारे’ तोटे दिसले, तर ते त्या कंपनीच्या कारभाराचाच भाग आहेत. जमीन किंवा उपकंपनी विकून झालेला नफा मात्र मी काढून टाकतो, कारण तीच जमीन पुन्हा विकता येत नाही.

याच्या उलट बाजूनेही विचार झालेला आहे आणि तो माहीत असावा. २००२ मध्ये एओएल टाइम वॉर्नरने सुमारे ९,९०० कोटी डॉलरचा तोटा दाखवला, त्यातला बहुतांश गुडविलची, म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेहून जास्त मोजलेल्या रकमेची, किंमत खाली आणल्यामुळे होता. वित्तशास्त्राचे प्राध्यापक जेरेमी सीगल यांचा आक्षेप असा की २००१ नंतरच्या हिशोबाच्या नियमांनी किमती खाली आणणं सक्तीचं केलं, पण वाढलेल्या किमती तशाच वर लिहिता येत नाहीत. त्यामुळे सरासरी कमाई खऱ्यापेक्षा कमी निघते आणि केप विनाकारण महाग दिसतं. मुद्दा खरा आहे. म्हणून ईपीएसचे दोन रकाने ठेवा, एक जाहीर आणि एक दुरुस्त केलेला. दोन्हींच्या सरासरीत मोठी तफावत आली तर त्या तफावतीमागची गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी चौथी: जुनी कमाई आजच्या किमतीत आणा

दहा वर्षांपूर्वीचे १२ आणि आजचे १२ यांची बेरीज सरळ करता येत नाही, तेव्हाच्या १२ मध्ये जास्त वस्तू येत होत्या. यासाठी देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरायचा. सूत्र एवढंच:

आजच्या किमतीतला ईपीएस = त्या वर्षाचा ईपीएस × (आजचा निर्देशांक ÷ त्या वर्षाचा निर्देशांक)

निर्देशांक त्याच चलनाचा हवा ज्या चलनात नफा मोजलाय. सरकारं दर काही वर्षांनी निर्देशांकाचं आधारवर्ष बदलतात. तेव्हा जुनी आणि नवी मालिका सरळ एकाखाली एक लिहू नका. ज्या काळासाठी दोन्ही आकडे मिळतात तो काळ शोधा. जुना १८० आणि नवा १०० असेल, तर नव्या मालिकेचे आकडे १.८ ने गुणले की दोन्ही एका मापात येतात.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. धंदा चक्रीय, महागाई दरवर्षी सुमारे ५ टक्के, बोनसची दुरुस्ती आधीच केलेली.

| वर्ष | ईपीएस | निर्देशांक | आजच्या किमतीत ईपीएस |
|---|---|---|---|
| १ | १२ | १०० | १८.६ |
| २ | १४ | १०५ | २०.७ |
| ३ | ९ | ११० | १२.७ |
| ४ | −४ | ११६ | −५.३ |
| ५ | ३ | १२२ | ३.८ |
| ६ | ११ | १२८ | १३.३ |
| ७ | १६ | १३४ | १८.५ |
| ८ | १० | १४१ | ११.० |
| ९ | २२ | १४८ | २३.० |
| १० | ४० | १५५ | ४०.० |

शेवटच्या रकान्याची बेरीज १५६.३, दहाने भागून सरासरी १५.६३. भाव ३२० आहे, म्हणून ३२० ÷ १५.६३ = २०.५. हे या कंपनीचं केप. गेल्या वर्षाच्या ईपीएसच्या ८ पट भावाचा दिसणारा शेअर दहा वर्षांच्या सरासरी कमाईच्या वीसपटीहून जास्त भावाचा निघाला.

महागाईची दुरुस्ती केली नसती तर सरासरी १३.३ आली असती आणि पट २४. म्हणजे दुरुस्ती न केल्याने कंपनीवर अन्याय होतो, तिची जुनी चांगली वर्षं किरकोळ वाटतात. महागाई जितकी जास्त, तितका हा फरक मोठा.

चौथ्या वर्षाच्या तोट्याकडेही बघा. ‘ते वर्ष वेगळंच होतं’ म्हणून ती ओळ वगळली, तर सरासरी १७.९६ होते आणि केप १७.८ वर उतरतं. मंदी हा या धंद्याचा भाग आहे, ती ओळ राहिलीच पाहिजे. एखाद्या वर्षाला वेगळं म्हणायचंच असेल, तर ४० वालं दहावं वर्ष तितकंच वेगळं आहे.

लाभांश यात कुठे, असा प्रश्न नेहमी येतो. ईपीएस हा लाभांश देण्याआधीचा नफा असतो, त्यामुळे वेगळा मिळवायचा नाही.

पायरी पाचवी: २०.५ म्हणजे महाग की स्वस्त?

नुसत्या आकड्याला अर्थ नाही. आधी हे समजून घ्या की दहा वर्षांची सरासरी ही साधारण पाच वर्षांपूर्वीच्या कंपनीचं चित्र असते, त्यामुळे वाढणाऱ्या कंपनीचं केप नेहमी पी/ईपेक्षा जास्त येणार. पी/ई २० असलेल्या तीन कंपन्या घ्या. जिची कमाई महागाई वगळता अजिबात वाढलेली नाही, तिचं केप २० च येईल. दरवर्षी ५ टक्के वाढलेलीचं सुमारे २५ आणि १५ टक्के वाढलेलीचं जवळपास ३५. यावरून तिसरी कंपनी महाग ठरत नाही. वेगवेगळ्या वेगाने वाढणाऱ्या कंपन्या केपच्या यादीत एकाखाली एक लावणं म्हणूनच चूक.

तुलना दोन ठिकाणी करा. पहिली, कंपनीच्या स्वतःच्या जुन्या केपशी. त्यासाठी वीसेक वर्षांची माहिती लागते, सगळ्या कंपन्यांची ती मिळत नाही. दुसरी, त्याच धंद्यातल्या दोन-चार कंपन्यांशी, त्याच पद्धतीने काढलेल्या केपशी.

शिवाय आकडा उलटा करून बघा. १ ÷ २०.५ म्हणजे सुमारे ४.९ टक्के. ही महागाई वजा जाता मिळणाऱ्या कमाईची ढोबळ टक्केवारी आहे, म्हणून ती बँकेच्या ठेवीच्या छापील व्याजाशी ताडू नका. व्याजातून महागाई वजा करा आणि मग ताडा. साध्या पी/ईने हीच टक्केवारी १२.५ दाखवली होती.

पायरी सहावी: प्रश्न उलटा विचारा

एकट्या कंपनीसाठी मला सर्वांत कामाची वाटते ती ही पायरी.

समजा या धंद्यातल्या कंपन्या साधारणपणे दहा वर्षांच्या सरासरी कमाईच्या १५ पटीने, म्हणजे १५ केपने विकल्या जातात. मग आपल्या कंपनीचं मूल्य १५ × १५.६३, म्हणजे सुमारे २३४ येतं. १२ ते १८ अशी पट धरली तर १८८ ते २८१. भाव ३२० आहे. आता असं विचारा: १५ पटीने ३२० भाव योग्य ठरायला सर्वसाधारण वर्षाची कमाई किती हवी? ३२० ÷ १५ = २१.३. दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा ही सुमारे ३६ टक्के जास्त. म्हणजे बाजार म्हणतोय की कंपनीची प्रति समभाग कमावण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त वाढली आहे.

हे खरं असूही शकतं. अहवाल उघडा आणि बघा: नवा कारखाना सुरू झाला का? उत्पादनक्षमता किती टनांनी वाढली? कर्ज फिटलं, व्याजाचा खर्च घटला का? की फक्त मालाचा भाव चढला? पहिल्या तीन गोष्टी टिकतात, चौथी सहसा टिकत नाही.

वाढलेल्या कंपनीसाठी एक जोड-हिशोब करता येतो. दहा वर्षांतलं विक्रीवरच्या निव्वळ नफ्याचं सरासरी प्रमाण काढा आणि ते आजच्या विक्रीला लावा. आपल्या कंपनीची आजची विक्री प्रति समभाग ४०० आणि सरासरी प्रमाण ५ टक्के असेल, तर सर्वसाधारण कमाई २०, आणि भाव तिच्या १६ पट. या वर्षी प्रमाण १० टक्के होतं, म्हणून ईपीएस ४० आला. १६ आणि २०.५, दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे आकडे एकच गोष्ट सांगतात: ८ वर भरवसा ठेवू नका.

कुठे ही पद्धत लावू नये

धंदाच बदललेला असेल तिथे. छायाचित्रणाच्या फिल्मवर उभ्या राहिलेल्या ईस्टमन कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मोडत चाललेल्या धंद्याचं केप फार लोभसवाणं दिसतं, कारण छेदात जुनी सुबत्ता असते आणि अंशात आजचा पडलेला भाव. केप कमी दिसलं की पहिला प्रश्न हा: गेल्या दहा वर्षांत या कंपनीने जे विकून पैसा कमावला, ते पुढची दहा वर्षं लोक विकत घेणार आहेत का?

मोठं विलीनीकरण किंवा विभाजन झालेलं असेल तर जुने आकडे दुसऱ्याच कंपनीचे असतात. बाजारात येऊन तीन-चार वर्षं झालेल्या कंपनीला सरासरीचा आधारच नाही. आणि महागाई भडकलेली असेल तर खुद्द नफाच संशयास्पद होतो: यंत्रांचा घसारा जुन्या स्वस्त किमतीवर मोजला जातो, जुन्या भावाने घेतलेला साठा नव्या भावाने विकला जातो आणि कागदावर दिसणारा नफा यंत्रं बदलायलाही पुरत नाही. निर्देशांकाने गुणून ही चूक दुरुस्त होत नाही.

केव्हा विकायचं-घ्यायचं हेही यातून कळत नाही. ३ डिसेंबर १९९६ रोजी शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेसमोर बाजार महाग असल्याचं मांडलं. दोनच दिवसांनी या बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांचं ‘अविवेकी उत्साहा’बद्दलचं भाषण झालं. बाजार त्यानंतरही तीन वर्षांहून जास्त चढत राहिला आणि मार्च २००० मध्ये शिखराला पोचून मग कोसळला. त्या तीन वर्षांत केप पाहून रोज काही करणाऱ्याचे हाल झाले असते.

तक्ता दरवर्षी पुढे न्या

नवी ओळ आली की सर्वांत जुनी ओळ गळते आणि निर्देशांक बदलल्यामुळे मधले सगळे आकडे पुन्हा मोजावे लागतात. स्प्रेडशीटमध्ये सूत्र नीट लिहिलं तर दोन मिनिटांचं काम आहे. सरासरी हलली की आधी बघा, ती नव्या ओळीमुळे हलली की जुनी गळल्यामुळे. आपल्या कंपनीचं ते तोट्याचं चौथं वर्ष गळेल, तेव्हा कंपनीने काहीही न करता तिचं केप उतरेल.

अकराव्या वर्षी ईपीएस ४० वरून २५ वर आला, निर्देशांक १६३ झाला आणि भाव घसरून २४० वर आला असं धरा. पी/ई ८ वरून ९.६ वर गेला, म्हणजे त्याच्या मते शेअर महाग झाला. तक्त्यात मात्र पहिल्या वर्षाचे १९.६ (नव्या किमतीत) गळून त्या जागी २५ आले, सरासरी १६.९८ झाली आणि केप २०.५ वरून १४.१ वर उतरलं. सहाव्या पायरीतल्या १५ पटीच्या मापाने शेअर आता पहिल्यांदा विचार करण्याजोग्या भावात आला आहे, आणि अहवाल पुन्हा उघडण्याची वेळ हीच.